न मारलेल्या हाकेला ओ

१

सकाळी उठलो की मी आधी पंप चालू करतो, मग चहा टाकतो. चहा पिऊन कप धुतला, पालथा घातला की मुलीला रिंग देतो. ती फोन उचलत नाही. उचलायचा नाही असं ठरलेलं आहे. मी रिंग कापतो. थोड्या वेळाने तिची उलटी रिंग येते. तीही मी उचलत नाही. मी आहे, तूही आहेस, एवढं त्यातून कळतं. तेवढं पुरे.

मी या इमारतीचा पंपवाला. जिन्याखाली पंपाची खोली आणि तिला लागून माझी खोली. मधे एका विटेची भिंत. पंप जुना झाला तसं त्याचं बेअरिंग कुरकुरायला लागलं होतं. कर्र, कर्र. फळीवरची पातेली त्या आवाजाने थरथरायची. बायको होती तेव्हा ती म्हणायची, "सवत शेजारीच नांदते माझी." आता ती नाही. तिचं शिवणाचं मशीन कोपऱ्यात आहे. त्यावर चादर टाकलेली असते.

पंपापासून एक लोखंडी पाईप भिंतीतून सरळ गच्चीवरच्या टाकीपर्यंत जातो. मुलगी लहान असताना टाकी भरली का ते बघायला मी तिला वर पाठवायचो. हाक पोचत नसे. म्हणून पाईपवर ठोके द्यायचो. टाकी भरली की ती वरून दगडाने दोन सावकाश ठोके द्यायची. मी खालून पान्ह्याने न थांबता ठोकत राहिलो तर तिने असेल तशी खाली यायचं. वीज कडाडत असेल, वर काही धोका असेल, कारण विचारायचं नाही. चप्पल घालायलाही थांबायचं नाही. तिने एकदाही उशीर केला नाही.

ती शिकली. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत लागली. एका वस्तीचं पाणी खराब निघालं. वरून हुकूम आला आणि अहवालात ते चांगलं झालं. हिच्या मैत्रिणीने खरा अहवाल बाहेर काढला आणि हिने तो वस्तीत उभं राहून लोकांना वाचून दाखवला. मग दोघींना शोधत माणसं फिरू लागली. दोघी निघून गेल्या.

जाताना मुलगी म्हणाली, "बाबा, कुठे ते विचारू नका. माहीत नसलं की तोंडातून निघत नाही."

"माझ्या तोंडातून माहीत असलेलंही निघत नाही."

"ते मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली आणि हसली.

रिंगेची रीत तिनेच घातली. नवा नंबर ती राहत्या घरात चालू करायची नाही. बाजारात जायची, गर्दीत फोन चालू करायची, माझी रिंग बघायची, उलटी द्यायची आणि बंद करायची. रिंग कापली न जाता वाजतच राहिली तर काहीतरी घडलंय असं समजायचं. फक्त तेव्हाच उचलायचं.

तो नंबर माझ्या फोनमध्ये फाटकाजवळच्या शिंप्याने घालून दिला.

"नाव काय घालू, पाणीमंत्री?" त्याने विचारलं. तो मला पाणीमंत्री म्हणतो.

"भिंगरी."

"ही कोण?"

"तुला काय करायचंय?"

लहानपणी ती एका जागी ठरत नसे. तेव्हा मी तिला भिंगरी म्हणायचो. मोठी झाल्यावर सोडलं. मोठ्या मुलीला असल्या हाका मारणं मला जमत नाही.

बेअरिंगचा आवाजही शिंप्यानेच माझ्या फोनमध्ये भरला. मिस्त्री लांब राहतो. आवाज ऐकल्याशिवाय तो सामान आणत नाही. शिंप्याने फोन पंपाला लावून धरला. "गा बाई, गा," तो पंपाला म्हणाला. आवाज मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री येऊन बेअरिंग बदलून गेला. तेव्हापासून पंप मांजरासारखा चालतो. पातेली थरथरत नाहीत.

त्यानंतर मुलीला शोधणाऱ्या माणसांनी मला त्यांच्या कचेरीत बोलावलं.

२

खोली स्वच्छ होती. टेबलावर हिरवं कापड ताणलेलं होतं आणि त्यावर जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. पेटीतून वायरी निघाल्या होत्या. साहेब तरुण होता. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मऊ.

"बसा काका. चहा घेणार?"

"घेऊन आलोय."

"मुलगी कुठे आहे?"

"माहीत नाही."

"बरं. फोन द्या जरा. बघतो आणि परत करतो."

"कशाला?"

"लपवण्यासारखं काही नसेल तर काळजी कसली, काका?"

"लपवण्यासारखं काही नाही म्हणून मी दार सताड उघडं टाकून आंघोळ करत नाही."

दारातला शिपाई फसकन हसला. साहेबही हसला. "काका तिखट आहेत," तो म्हणाला आणि हात पुढे करून तसाच थांबला. शिपाई हसायचा थांबला होता. मी फोन दिला.

त्याने फोनला वायर लावली. पेटीवरचा बारीक दिवा लागला. पेटी आवाज करत नव्हती. दिवा तेवढा लुकलुकत होता, लहान मुलाचा दूध पिताना गळा हलतो तसा. साहेब पडद्यावर वाचत होता. मधेच त्याने भुवई उचलली.

"रोज सकाळी एक रिंग जाते. एक येते. बोलणं काहीच नाही. यात काय सांगता एकमेकांना?"

"काही नाही."

"मग कशाला?"

"खुशाली कळते."

"न बोलता?"

"बोलून कोणाची कळते?"

तो हळूच म्हणाला, "हे आमच्या यंत्राला आपणहून कळलं नसतं, काका. बरं झालं सांगितलंत."

नंतर त्याने माझा जबाब छापून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. "मोठ्याने वाचा. सावकाश चालेल."

मी फार शिकलेला नाही. अक्षर लावून वाचतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. तो कागदाकडे बघत नव्हता. त्याने डोळे मिटले होते.

फोन परत मिळाला तेव्हा गरम होता. कोणीतरी काखेत धरून ठेवल्यासारखा. बायकोने फोनला कापडी पिशवी शिवली होती, तिच्यात घालून घरी आलो. खिळ्याला टांगला. मुलीबद्दल मी एक शब्द सांगितला नव्हता. त्या दिवशी मला नीट झोप लागली.

३

काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी चहा अजून उकळत होता आणि फोन वाजला. भिंगरी. थोडा वाजून थांबला.

मी अजून रिंग दिलीच नव्हती.

लवकर उठली असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाजारात लवकर गेली असेल. पण ती आपणहून कधी रिंग देत नाही. ती उलटी देते. मी चहा प्यालो, कप धुतला, पालथा घातला, रिंग दिली. उत्तर आलं नाही. उत्तर आधीच येऊन गेलं होतं.

दुकानात जाऊन शिंप्याला फोन दाखवला. "बघ, माझ्याकडून रिंग गेलीय का."

त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि बघितलं. "सकाळची एकच आहे. तिची आल्यानंतरची."

"त्याआधीची?"

"नाही. झोपेत बोट लागलं असतं तरी इथे दिसलं असतं."

"मी फोन खिळ्याला टांगून झोपतो."

"मग खिळ्याचं बोट लागलं असेल." तो हसला. मी हसलो नाही तेव्हा म्हणाला, "अहो, वय झालं. मान्य करा. मी परवा चष्मा घालून चष्मा शोधत होतो."

"मी चष्मा लावत नाही."

"तेच म्हणतो मी. म्हणून तुम्हाला काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पंप चालू केला आणि खाटेवर बसलो. चहा टाकला नाही. फोनला हात लावला नाही. हात मांड्यांखाली दाबून धरले. पुढे कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याच्या हातून झालं. पंप भिंतीपलीकडे गुपचूप चालला होता. पिशवीतला फोन खिळ्याला लटकत होता. त्या खोलीत हलणारी वस्तू एकही नव्हती.

फोन वाजला. थोडा वाजून थांबला.

मी हाक मारली नव्हती. ओ मात्र आली.

४

त्यापुढच्या सकाळी मी तिला रिंग दिली आणि कापली नाही. वाजत राहू दिली.

"बाबा! आज सकाळीच?" तिचा आवाज हसरा होता. तो आवाज मी ती गेल्यापासून ऐकला नव्हता. "बरे आहात ना?"

"सकाळीच म्हणजे?"

"काल दुपारी एवढा वेळ बोललो. म्हटलं आता दोन दिवस तुमचा शब्दांचा उपास असेल."

"कोण बोललं?"

"तुम्ही. असं काय करता?"

"काय बोललो मी?"

"आता तेही मीच सांगू? जेवलीस का विचारलंत. आईबद्दल बोललात. ती गेल्यावर दार लावून रडलात, ते सांगितलंत. आणि मला भिंगरी म्हणालात. फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी बसून रडले. ही विचारते काय झालं, मला सांगताच येईना."

मी खिळ्याकडे बघत होतो. मी रडलो होतो. याच खोलीत, दार लावून. घरात कोणी नव्हतं. फोन खिळ्याला होता.

"तो मी नव्हतो," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं. आमचे बाबा एवढे गोड कधी झाले?"

"थट्टा करत नाही मी. तू आत्ता बाजारात आहेस का?"

"घरी आहे. तुम्हीच म्हणालात ना, फोन चालू ठेव, एकटं वाटतं मला. आता चालूच ठेवते."

"पत्ता सांगितलास?"

ती म्हणाली, "आईचं मशीन पाठवतो म्हणालात. मग पत्ता नको?"

कोपऱ्यात मशीन होतं. चादर होती तशीच होती.

"मागे कसला आवाज येत होता? तो बोलत होता तेव्हा."

"तुमच्या पंपाचा. कर्र, कर्र. तो ऐकला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं."

"ते बेअरिंग बदललं. पंप आता आवाज करत नाही. ऐक." मी फोन भिंतीला लावून धरला. मग कानाला लावला. "ऐकलंस?"

"काही ऐकू आलं नाही."

"तेच सांगतोय."

"पंप ऐकू येत नाही," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तुम्ही आमच्या घरात नाही आहात."

"पोरी, ते घर सोड. दोघीही निघा. आत्ताच्या आत्ता."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. पुन्हा बोलली तेव्हा आवाज बदललेला होता. कचेरीतल्या माणसाशी बोलावं तसा.

"बाबांनी सांगितलं होतं मला."

"काय?"

"माझ्या आवाजात कोणीतरी फोन करेल. दरडावून बोलेल. घर सोड म्हणेल. तो मी नसेन."

"भिंगरी..."

इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं.

"हेही म्हणेल, असं सांगितलं होतं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. परत परत लावला. तिने उचलला नाही.

५

कचेरीत गेलो. साहेब जागेवर नव्हता. शिपायाने मला बाकावर बसवलं आणि तो कुठेतरी निघून गेला. जेवणाची वेळ होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, फरशी नुकतीच पुसलेली.

बसलो तर ऐकू आलं. कर्र, कर्र.

पंपाची खोली असेल, मी म्हटलं. सगळ्या इमारतींना असते. पण ज्या आवाजाशेजारी माणूस झोपतो, तो आवाज त्याला कळतो. तो माझ्या पंपाचा होता. तेच बेअरिंग. ते काढून मिस्त्रीने माझ्यासमोर भंगारात टाकलं होतं.

मी उठलो. आवाजाच्या मागे गेलो. बोळाच्या टोकाला एक दार थोडं उघडं होतं. दार पुरतं उघडायची हिंमत झाली नाही. फटीला डोळा लावला.

आत माणूस नव्हता. खिडकी नव्हती. लांब टेबलांवर हिरवं कापड आणि त्यावर तसल्याच काळ्या पेट्या ओळीने मांडलेल्या. टेबलं किती लांबवर गेली होती ते अंधारात दिसलं नाही. पेट्यांवरचे बारीक दिवे लुकलुकत होते. आणि त्या बोलत होत्या. सगळ्या, हलक्या आवाजात, भेटीच्या वेळी इस्पितळात बोलतात तशा. एक म्हातारी म्हणत होती, "हो रे राजा, औषध घेतलं मी." कोणी बाप्या हसत होता. एक लहान मूल विचारत होतं, "तू कधी येणार? मला सांग ना, कधी येणार?" दर थोड्या वेळाने तेच, त्याच सुरात.

त्या सगळ्यांच्या मधून मी बोलत होतो.

"जेवलीस का, भिंगरी?"

मला असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मऊ, थकलेला. बायको असती तर तिने तो आवाज ऐकून हातातलं काम टाकलं असतं.

"हो, हो, तोच असणार. बरं झालं ठेवलास फोन," तो म्हणत होता. "घाबरू नकोस. मी आहे ना. उद्या सकाळी माणूस येईल मशीन घेऊन. दोघीही घरीच थांबा. तुझ्या मैत्रिणीला कुठे जाऊ देऊ नकोस. मला तिच्याशीही बोलायचंय." जरा थांबून म्हणाला, "थांब हं बाळा. दारात कोणीतरी आहे."

पेट्या गप्प झाल्या. सगळ्या, एकदम. ते मूलसुद्धा.

"कोण आहे?" त्याने विचारलं. आता आवाज मऊ नव्हता. मी इमारतीतल्या पोरांना दरडावतो तो होता.

त्या प्रश्नाला मी जन्मभर एकच उत्तर देत आलो. मी. तोंड उघडलं, पण ते उत्तर निघेना. ते तिथे आधीच कोणीतरी देऊन बसलं होतं.

मी पळालो. या वयात, ओल्या फरशीवर. जिन्यात साहेब भेटला. रुमालाला हात पुसत वर येत होता.

"अरे काका! काही सांगायचं होतं का?"

"नाही."

"तुम्ही आम्हाला एक शब्दही सांगितला नाहीत," तो म्हणाला. "नोंद तशीच आहे. निश्चिंत असा."

६

घरी येऊन खाटेवर बसलो. उजेड होता अजून. फाटकाशी शिंप्याचं यंत्र चालू होतं.

उद्या सकाळी माणूस येणार. ती मैत्रिणीला घेऊन दारातच वाट बघत उभी असणार. ती कुठे आहे ते मला माहीत नाही, कारण मी विचारलं नव्हतं. फोन करावा तर बोलू काय? माझा आवाज त्याच्याकडे होता. हाक त्याच्याकडे होती. रडणं होतं. मी खरं सांगणार हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी जे जे बोललो होतो ते त्याचं झालं होतं. मग न बोललेलं काय उरलं?

मी पंपाच्या खोलीत गेलो. दिवा लावला. पंप बंद केला. पान्हा उचलला. फोन लावून पाईपच्या पायथ्याशी फरशीवर ठेवला. बराच वेळ वाजत राहिला.

"हॅलो? कोण... बाबा?"

मी तोंड घट्ट मिटलं आणि पाईपवर पान्हा मारला. मग परत. मग थांबलोच नाही. ठक ठक ठक ठक. आवाज पाईपातून भिंतीत चढला, मजल्यामजल्याने वर गेला. कुठेतरी खिडकी उघडली आणि कोणीतरी ओरडलं. शिंपी धावत आला. टेप गळ्यातच होती.

"अहो, काय फोडताय? वेड लागलं का?"

मी डाव्या हाताने त्याला गप्प केलं. माझं तोंड बघून तो मागे सरकला. उजव्या हाताची कातडी निघाली होती. पान्हा रक्ताने निसटत होता. मी ठोकत राहिलो. मनात एकच म्हणत होतो. कारण विचारू नकोस. चप्पल घालू नकोस.

हात चालेना तेव्हा थांबलो. वाकून फोन कानाला लावला.

फोन चालू होता. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. श्वासही नव्हता. एक नळ टिपटिपत होता. वाऱ्याने एक दार आपटलं, उघडलं, परत आपटलं. रिकाम्या घराचा आवाज मला कळतो. मी तशाच घरात राहतो.

मी कापणार होतो, तेवढ्यात मधेच कर्र, कर्र सुरू झालं. माझ्या ओठांतून काही निघालं नव्हतं आणि माझ्या कानात मीच बोललो.

"भिंगरी?"

नळ टिपटिपत होता.

"भिंगरी, ओ दे. भिंगरी? बाळा, कुठे गेलीस?"

शिंपी जवळच उभा होता. त्याने फोनमधून ते ऐकलं. त्याने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं. मग पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे घेत तो दाराबाहेर गेला.

७

सकाळी उलटी रिंग आली नाही. त्यापुढच्या सकाळीही नाही.

साहेब स्वतः आला. पंपाच्या खोलीत उभा राहून त्याने पाईपवरून बोट फिरवलं.

"काका, त्या दिवशी काय वाजवत होतात?"

"पंप दुरुस्त करत होतो."

"पंप तर आधीच दुरुस्त झालाय."

"तुम्हाला बरंच माहीत असतं."

या वेळी तो हसला नाही. त्याने बरोबर आणलेल्या पेटीला माझा फोन लावला. दिवा लुकलुकत राहिला. त्या वेळात त्याने मला तीन वेळा तोच प्रश्न विचारला. त्या ठोक्यांचा अर्थ काय? तेव्हा मला कळलं की दोघी त्याच्या हाताला लागल्या नव्हत्या. तो गेल्यावर मी चहा टाकला. दूध फाटलं होतं. काळाच प्यालो.

शिंपी आता मला पाणीमंत्री म्हणत नाही. फाटकातून जाताना नमस्कार करतो. त्याने स्वतःचा फोन विकून टाकला. मीही टाकावा असं त्याचं म्हणणं आहे.

मी टाकलेला नाही. तिला हा एकच नंबर पाठ आहे.

मधे बराच काळ गेला. एकटा बसलो की माझा हात पाईपवर जातो. बोटाच्या पेराने दोन सावकाश ठोके पडतात. टाकी भरल्याचे, तिचे. सवय लागली. ती लागायला नको होती. फोन भिंतीच्या अलीकडे खिळ्यालाच असतो आणि मधे फक्त एक वीट आहे.

परवा सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. रिंग कापली गेली नाही. वाजत राहिली. काहीतरी घडलं असेल तर उचलायचं, अशी रीत आहे. मी उचलला. बोललो नाही.

पलीकडूनही कोणी बोललं नाही. मग लोखंडावर दगड मारल्यासारखे दोन ठोके आले. सावकाश.

काल परत आले. आज परत.

मी कान लावून ऐकतो. ठोक्यांच्या मागे कर्र, कर्र येतं का ते बघतो. कधी वाटतं येतं. कधी वाटतं ते माझ्याच कानात उरलंय. ती असेल तर सुखरूप पोचल्याचं सांगत असेल. कुठल्यातरी परक्या गच्चीवर दगड हातात धरून उभी असेल, खालून ठोका यायची वाट बघत. तिने कधी उशीर केला नाही.

आणि ती नसेल, तोच असेल, तर माझा एक ठोका त्याला शिकायला पुरेल.

पान्हा हातात घेतो. पलीकडे ठोके थांबतात आणि वाट बघितली जाते. ती शांतता मला ऐकू येते.

मी पान्हा आवाज न करता फरशीवर ठेवतो. ओ देत नाही.